शके १८१५ चा वाडा आणि १९३४ ची गॅलरी

प्रश्न : इंदूरच्या मल्हारगंजात माझ्या माहेरचा वाडा आहे. दरवाज्याच्या वरच्या पाटावर ‘शके १८१५’ कोरलेलं आहे. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. आता वाडा माझ्या आणि चुलतभावाच्या नावावर आहे. दादा पुण्याला, मी सुदामानगरला. त्याची आई, म्हणजे माझ्या काकू, ८४ वर्षांच्या आहेत. त्या खालच्या मजल्यावर राहतात, सोबतीला दिवसभराची बाई असते. बाबांनी १९८२ साली खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तरी छातीपर्यंत ओल चढून लोणा लागलाय. ओसरीचे दोन खांब बुडाशी कुजलेत, उत्तरेच्या भिंतीला तडा आहे, सगळ्या लाकडावर हिरवा ऑइलपेंट आहे. दादाला वाडा ‘पूर्वीसारखा’ करायचाय. खरं सांगायचं तर मलाही. आमच्याकडे १९२६ चा एका मुंजीचा फोटो आहे (सोबत पाठवतेय), त्यात रस्त्याकडची गॅलरी नाही. ती आजोबांनी १९३४ साली बांधली. दादाचा ठेकेदार म्हणतो : गॅलरी पाडू, दारावर पेशवाई महिरप बसवू, लाकडावर वाळूचा मारा करून रंग काढू, भिंतींना वॉटरप्रूफ सिमेंट आणि वर ‘हेरिटेज’ टेक्स्चर देऊ. काकूंसाठी २००९ साली माजघराला लागून केलेली न्हाणी-संडासची खोलीही काढायला सांगतोय, वाड्याच्या रूपात बसत नाही म्हणून. दिवाळीपर्यंत सगळं पुरं करून देईन म्हणतो. दादा म्हणतो, राजवाड्याचा मागचा भाग जसाच्या तसा उभा राहिला, मग आपला वाडा का नाही? पण गॅलरी पाडायचं कानावर पडलं त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. काय करावं कळत नाही.
— एक वाचक, इंदूर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना काकूंच्या जेवणापाशी थांबले. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

काकू सून म्हणून घरात आल्या तेव्हा गॅलरी पंचवीस-तीस वर्षांची झालेली होती. म्हणजे गॅलरी नसलेला वाडा त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. तुम्ही नाही, दादांनीही नाही. ज्याला तुम्ही दोघं ‘मूळ रूप’ म्हणता, ते आज हयात असलेल्या कुणाच्याही आठवणीत नाही. ते एका फोटोत आहे, आणि त्यातही मुंजमुलाच्या आणि मामांच्या पागोट्यांमागे जेमतेम अर्धं दिसतं. त्या अर्ध्या भिंतीसाठी नव्वद वर्षं वापरातली, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली गॅलरी पाडू नका. हे मी अगदी स्पष्ट सांगते. आज संध्याकाळीच काकूंना जाऊन सांगा की गॅलरी राहणार आहे.

दादांना हे पटावं म्हणून थोडं इंदूरचं बोलते. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथे माणिकबाग उभा राहत होता. तरुण यशवंतराव होळकरांनी बर्लिनच्या एकार्ट मुथेसियस या वास्तुकाराकडून तो बांधून घेतला. साध्या सरळ रेषा, धातू, काच, नक्षीचा कुठे मागमूस नाही. शहरात नव्या घडणीचं वारं होतं. तुम्ही पाठवलेल्या अलीकडच्या फोटोंत गॅलरीचे गोलावलेले कोपरे आहेत, बिडाचा साधा कठडा आहे, खाली लाल-पिवळ्या सिमेंटच्या फरश्या आहेत. तुमच्या आजोबांनी त्या वाऱ्याची एक झुळूक मल्हारगंजात आणली, असं मला ती बघून वाटलं. ती गॅलरी हा वाड्यावर चढलेला गंज नाही, ते त्याचं पुढचं पान आहे. पणजोबांचं पान स्वच्छ दिसावं म्हणून आजोबांचं फाडायचं, हे मला पटत नाही.

मग काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवायचं कशावरून? माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि इतक्या वर्षांत ती मला बदलावी लागलेली नाही. वस्तू किती जुनी आहे ते विचारू नका, ती घराला अपाय करते का ते विचारा. गॅलरी अपाय करत नाही, ती राहील. काकूंची न्हाणी २००९ ची असली तरी तिच्यामुळे काकू या वाड्यात राहू शकतात. तीही राहील, फक्त तिचे नळ आणि मोरी तपासून घ्या, माजघराच्या भिंतीत पाणी मुरत असेल तर आधी ते थांबवा. आणि बाबांचा सिमेंटचा गिलावा जाईल. तो ‘मूळचा’ नाही म्हणून नाही. तो भिंतीला मारतोय म्हणून.

हा विचार आपल्या शहराला परका नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात येऊन राहिले होते आणि १९१८ साली त्यांनी होळकर दरबाराला शहराविषयी दोन खंडांचा अहवाल दिला. दाट वस्तीत सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. अपायकारक तेवढंच नेमकं काढावं, हवा-उजेडाला वाट करून द्यावी आणि बाकीची घरं दुरुस्त करून नांदती ठेवावीत, ही त्यांची पद्धत. प्लेगच्या धास्तीच्या त्या दिवसांत जुनी घरं पाडणं सगळ्यांत सोपं होतं, तेव्हा त्यांनी हे सांगितलं.

आता लोण्याकडे येते. खरा आजार तो आहे, आणि ठेकेदाराच्या यादीत त्यावर जे औषध लिहिलंय त्याने तो वाढेल.

माझं आजोळ देवासचं. तिथेही आम्ही हेच केलं होतं. भिंत ओलसर, पोपडे पडतात, म्हणून एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून कमरेपर्यंत चांगला जाड सिमेंटचा पट्टा मारला. दोन पावसाळे सगळे खूश. तिसऱ्या वर्षी ओल त्या पट्ट्याच्या वर, छातीशी दिसायला लागली. चौथ्या वर्षी देवघराच्या कोनाड्यापर्यंत पोचली. आजीने देवांचे टाक उचलून लाकडी पाटावर मांडले, तेव्हा कोनाड्याच्या तळाला मिठासारखी पांढरी बुरशी फुटलेली मी स्वतः पाहिली. बोट फिरवलं तर चुना भुकटी होऊन हातात आला. बुरशी म्हटलं, पण ती बुरशी नव्हती. ते क्षार होते. लोणा म्हणतात तो हाच.

जुनी भिंत विटा आणि चुन्याची असते. ती जमिनीतलं पाणी थोडंफार वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडून देते. उन्हाळ्यात सुकते, पावसाळ्यात दमट होते, शंभर वर्षं हे चालतं. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की पाणी आतच राहतं. बाहेर पडायला वाट मिळेपर्यंत ते वर चढतं. वाटेत विरघळलेले क्षार सोबत घेतं आणि जिथे सुकतं तिथे ते सोडतं. क्षारांचे खडे विटेच्या बारीक छिद्रांत फुगतात आणि विटेचा पापुद्रा आतून ढकलून पाडतात. तुमच्याकडे लोणा छातीपर्यंत आहे, म्हणजे सिमेंट कुठे संपतं हे न बघता मी सांगू शकते : त्याच्या जरासं खाली. वॉटरप्रूफ सिमेंट लावलं तर काही वर्षांनी लोणा डोक्यावर जाईल, आणि वरच्या मजल्याच्या तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथवर ओल पोचली की कडीपाटालाच, म्हणजे तुळया-फळ्यांच्या छतालाच, धोका. मला सगळ्यांत जास्त भीती त्याची वाटते.

पण हे पाणी येतंय कुठून? तुमचा मुंजीचा फोटो पुन्हा काढा. चेहऱ्यांकडे बघू नका, पायांकडे बघा. दरवाज्यापुढे काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालच्या पायरीवर कुणाच्या तरी वहाणा काढलेल्या दिसतात. आणि तुमच्या अलीकडच्या फोटोंत रस्त्यावरून सरळ उंबऱ्यात पाऊल पडतं. त्या तीन पायऱ्या कुठे गेल्या? कुणी काढल्या नाहीत. डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट, असा रस्ताच वर आला आणि तुमचं जोतं जमिनीत गेलं. जोत्याचा काळा दगड फारसं पाणी पीत नाही, म्हणून तर बांधणाऱ्यांनी तो खाली घातला. आता रस्त्याचं पाणी दगडाच्या वर, थेट विटेला टेकतं. एका घरगुती फोटोने तुम्हाला जे सांगितलं ते ठेकेदाराने सांगायला हवं होतं.

तेव्हा पहिलं काम पाण्याचं. रस्ता खाली नेता येणार नाही, पण अंगणाच्या आणि परसदारच्या बाजूला भिंतीला खेटून कोबा घातला असेल तर तो फोडून घ्या, तिथे मोकळ्या सांध्यांची फरशी घाला, उतार भिंतीपासून दूर ठेवा. रस्त्याच्या बाजूला भिंतीलगत अरुंद चर काढता येईल का, हे महापालिकेत लेखी विचारा. समोरच्या भिंतीला हात लावायचा तर परवानगीचं तसंही त्यांनाच विचारावं लागेल. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, सगळे एकदा तपासा. देशी कवेलू फुटले असतील तिथेच बदला, सरसकट पत्रा नको. पन्हळ गळकी असेल तर सगळं बाजूला ठेवून आधी ती.

मग सिमेंट काढायचं. मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्याने, हलक्या हाताने. काही ठिकाणी विटेचा तोंडचा भाग सिमेंटबरोबर निघून येईल, त्याला इलाज नाही. आणि त्यानंतर थांबायचं. जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे : भिंत महिन्याला साधारण एक इंच सुकते. तुमची भिंत दोन फुटी असेल आणि दोन्हीकडून उघडी राहिली, तरी वर्ष लागेल. वर्षभर वाडा उघड्या विटांचा, दिसायला वाईट असणार. नातेवाईक नावं ठेवतील. ठेवू दे. मधूनमधून पांढरे क्षार बाहेर येतील ते कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, नाहीतर ते परत आत जातात. दिवाळीपर्यंत म्हणणाऱ्या माणसाला ही भिंत समजलेली नाही.

उत्तरेच्या तड्याची मला तेवढी काळजी वाटत नाही, पण तो भरण्याची घाई नको. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. असे कित्येक तडे वैशाखात रुंदावतात आणि श्रावणात मिटतात. तड्याच्या आडवी काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. पुढच्या वर्षी याच दिवसांपर्यंत काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, झोपलेला आहे, तो चुन्याने भरा. काच तडकली तर पायाची तपासणी इंजिनिअरकडून करून घ्या, मग तिथे माझ्या सल्ल्यावर विसंबू नका.

चुन्याचं काम दसऱ्यानंतर काढायचं. पावसात तो सुकत नाही आणि चैत्र-वैशाखात इतक्या पटकन सुकतो की भेगाळतो. चुन्याला ‘घट्ट व्हायला’ हवा लागते. भट्टीत भाजताना गमावलेला कार्बन डायऑक्साइड तो हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. हे सावकाश होतं, म्हणून एकेक थर पातळ द्यायचा, गोणपाट टांगून तो दमट ठेवायचा आणि मगच पुढचा. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळी फुटते, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. त्या दिवशी काकूंना आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका, मिस्त्रींना चष्मा लावायला लावा. विरवलेला चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. मिस्त्री गूळपाणी, हिरडा, बेलफळ, मेथी असं काही सुचवतील. त्यांच्या हाताचा अनुभव खरा असतो, पण आधी मागच्या भिंतीवर हातभर नमुना करून महिनाभर बघा. जुन्या गिलाव्याचा एक तुकडाही जपून ठेवा. पातळ आम्लात टाकला की चुना फसफसून जातो आणि मागे वाळू, विटांची सुरखी उरते. किती आणि कशी वाळू वापरली होती हे त्यावरून कळतं आणि नवा गिलावा त्याच्याशी जुळवता येतो. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे काम होऊ शकेल.

शेवटची सफेदी मात्र रंगपंचमीनंतर. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, तुमच्या भागातून जाते. राजवाड्यालासुद्धा त्या दिवशी ताडपत्रीत गुंडाळून ठेवावं लागतं, तुमच्या ओल्या चुन्याचं काय होईल! चुन्याची सफेदी दुधासारखी पातळ लावायची, चार-पाच हात. लावताना वाटतं काहीच लागलं नाही, खालची भिंत दिसतच राहते. जेवून उठून यावं तर तीच भिंत उजळलेली असते. मी हे कितीदा तरी पाहिलंय आणि अजून दर वेळी थांबून बघते. त्याच्यावर टेक्स्चर, पुट्टी, प्लॅस्टिक पेंट काहीही चढवायचं नाही. चढवलंत तर वर्षभर वाट पाहून भिंतीला मोकळा केलेला श्वास पुन्हा कोंडेल.

लाकडाला वाळूचा मारा? अजिबात नको. सागाच्या अंगात मऊ आणि कठीण रेषा असतात. वाळू मऊ रेषा खाऊन टाकते आणि कठीण तेवढ्या उभ्या ठेवते, खांब कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांसारखा खरखरीत होतो. तुमच्या ओसरीच्या हस्तांना, म्हणजे खांबांवरच्या लाकडी आधारांना, केळफुलं कोरलेली आहेत ना? त्यांच्या पाकळ्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत बोथट होतील, आणि त्या परत कोरता येणार नाहीत, कारण कोरायला लाकूडच उरणार नाही. कॉस्टिक सोडाही नको, तो लाकडात मुरतो आणि वर लावलेलं सगळं सोलून टाकतो. हलक्या तापमानावरची हीट गन आणि बोथट खरवडणी, कोपऱ्यांत रंग काढायची पेस्ट. वेळ लागतो, मजुरी जास्त जाते. पण दोन खांब नीट झाले की पैसे असतील तसे पुढचे घ्या, लाकडाची घाई नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासायचं नाही, मशालीने जाळायचं तर नाहीच. मास्क लावायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, खरवड पिशवीत बांधायची, आणि ओसरीचं काम चालेल तेवढे दिवस काकूंना तुमच्याकडे सुदामानगरला न्यायचं.

कुजलेले खांब बदलायला सांगतील. खांब पूर्ण बदलू नका. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन बुडापासून वर टोचत जा. जिथवर तो सहज शिरतो तिथवर लाकूड गेलेलं, जिथे अडतो तिथून वर सगळं चांगलं. बहुतेक वेळा वीतभर, फार तर हातभर गेलेलं असतं. कडीपाटाला खालून टेकू देऊन तेवढंच कापायचं आणि जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा. चांगला सुतार हा सांधा असा बसवतो की नखाला कळतो, डोळ्याला नाही. नवा तुकडा थेट फरशीवर टेकवू नका, खाली दगडी तळखडा आहे तो स्वच्छ करून त्यावरच बसवा. नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून, मग पसरून वाळवायची. लाकडाच्या घरात ही गोष्ट मजुरांवर सोपवू नये, स्वतः बघावी.

रंगाविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘पूर्वीसारखं’ या शब्दाचं खरं उत्तर मिळण्याची जागा तीच आहे, म्हणून सांगते. माजघरातली एक अशी जागा निवडा जिथे सिमेंट पोचलेलं नाही, दाराच्या मागे, कपाटाच्या आडोशाला. बारीक धारदार पात्याने रंगाचा वरचा थर बोटभर रुंदीचा सोलून काढा. त्याच्या आत, कड सोडून, पुढचा थर. मग त्याच्या आत पुढचा. एक शिडी तयार होते, दर पायरीला एक रंग, वर आताचा आणि खाली पहिला. जुन्या इंदुरातल्या एका घरात मी अशी शिडी काढली होती. क्रीम, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबी, मग सफेदीचे एकावर एक कितीतरी थर, आणि सगळ्यांत खाली, चुन्यातच मुरलेला, फिकट निळा. त्या घरातल्या कुणीही आयुष्यात तो पाहिला नव्हता. त्यांनी खोली निळी केली नाही. पांढरीच ठेवली आणि ती वीतभर शिडी तशीच उघडी ठेवली, वर फक्त एक काच लावली. मला ते फार योग्य वाटलं. तुम्हाला निळा, पिवळा जो सापडेल तो अख्ख्या खोलीला द्यावासा वाटला तर द्या, तो अंदाज नसेल, पुरावा असेल. महिरपीचं तसं नाही. फोटोत दारावर महिरप नाही, सरळ पाट आहे, शके कोरलेला. १९६४ साली व्हेनिसमध्ये झालेली जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद आजही जगभर मानली जाते. तिच्या नवव्या कलमाचा आशय असा की जीर्णोद्धाराने अंदाज सुरू होतो तिथे थांबावं. अकराव्याचा असा की वास्तूत वेगवेगळ्या काळांत पडलेल्या मोलाच्या भरीचा मान राखावा. महिरप पहिल्यात अडते आणि गॅलरी दुसऱ्यात वाचते. दादांना कागदावरचं काही हवं असेल तर हे दाखवा.

आणि राजवाडा. दादांचा हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण मलाही त्या कामाचा अभिमान आहे. राजवाडा १८०१ मध्ये जळला, १८३४ मध्ये जळला आणि १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग पुन्हा जळून गेला. सात मजल्यांतले खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. आग लागल्यावर काय झालं ते आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. दोन दशकांहून जास्त काळानंतर, २००६-०७ मध्ये उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने तो भाग मूळच्याच साहित्यात आणि मूळच्याच बांधणीत उभा राहिला. पण दादांना हे विचारा : तिथे जे बांधलं ते काय पाडून बांधलं? काहीच नाही. ते आधीच गेलेलं होतं. जे गेलं ते पुरावा बघून परत उभं करणं वेगळं, आणि जे उभं आहे ते पाडून गेलेल्याची नक्कल करणं वेगळं. शिवाय तिथे दगडाला दगड, लाकडाला लाकूड, चुन्याला चुना लावला. राजवाड्यासारखं करायचं म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या यादीत चुना हा शब्द एकदाही नाही.

दादांवर मात्र चिडू नका. तो आईसाठी वाडा चांगला करू पाहतोय, पैसे घालायला तयार आहे, आणि लांब राहणाऱ्या मुलाला सगळं एकदम, एका सुट्टीत उरकावंसं वाटतं. त्याला फोनवर नको, इथे बोलवा. ओसरीत बसवून खांबाला स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाताने लावा. महिरप आणि टेक्स्चरचे जे पैसे वाचतील त्यातून जुन्या वास्तूंच्या कामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाकडून एकदा पाहणी करून घ्या आणि चुन्यात काम केलेले मिस्त्री शोधा. इंटॅक ही संस्था अशा कामात वाट दाखवते. सरकारी संरक्षण नसलेल्या वास्तूंसाठी तिने २००४ साली एक सनद केली आणि त्यात पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाला महत्त्वाचं स्थान दिलं. ठेकेदार हाच ठेवायचा असेल तर ‘संपूर्ण काम इतक्याला’ असा करार करू नका. एकेक काम मोजून, एकेका कामाचे पैसे, आणि आधी नमुना. जो नमुना करायला तयार नाही त्याला नमस्कार.

वीज नव्याने घ्याल तेव्हा भिंती खोदू नका, तारा वरूनच पट्टीतून न्या.

एक राहिलं. माजघराच्या फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला, तुमच्या एका फोटोत, पेन्सिलीच्या ओळी दिसतात. मोठं करून पाहिलं. मोडी आहे, आणि आकड्यांवरून रोजच्या कसल्यातरी रतीबाचा हिशेब वाटतो. ते दार खरवडायच्या यादीत जाऊ देऊ नका. त्यावर आजच एक चिठ्ठी चिकटवा, ‘हात लावू नये’ म्हणून. चिठ्ठी चौकटीवर, दारावर नको.

पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आलाय. त्याआधी पन्हळ आणि फुटके कवेलू एवढंच करून घ्या, बाकी कशालाही हात लावू नका. पहिला मोठा पाऊस लागेल त्या दिवशी छत्री घेऊन वाड्यावर जा आणि तासभर अंगणात उभ्या राहा. कुठली पागोळी कुठे पडते, रस्त्याचं पाणी उंबऱ्यापाशी किती चढतं, न्हाणीच्या मोरीतून काही परत येतं का, हे वाड्याचा साधा नकाशा काढून त्यावर बाणांनी दाखवा. काकूंना ओसरीत खुर्चीवर बसवा आणि पूर्वी पाणी कुठून कसं जायचं ते त्यांना विचारा. साठेक पावसाळे त्यांनी तिथे काढलेत, त्या बोट दाखवून सांगतील. तेही त्याच नकाशावर, वेगळ्या रंगाने. तो कागद मला पाठवा, मग पुढचं बघू.